‘चोवीस तासांत विरघळला नाही’ एवढ्यावर कॅनची टाकी होत नाही

घरी गो-कार्ट, म्हणजे छोटं इंजिन लावलेली बुटकी, उघडी चारचाकी गाडी बांधणाऱ्यांमध्ये पेट्रोलच्या टाकीबद्दल एक सल्ला हातोहात फिरतो आहे. त्याचा मजकूर थोडक्यात असा: “टाकीवर पैसे घालवू नका. डिटर्जंटचा, तेलाचा नाहीतर पाण्याचा रिकामा कॅन घ्या. त्यात थोडं पेट्रोल ओतून चोवीस तास ठेवा. विरघळला नाही, तर चालतो. तळाला भोक पाडून नळी बसवा, सांधा सिलिकॉनने नाहीतर इपॉक्सीने बुजवा, झाकणाला टाचणीने छिद्र पाडा. गाड्यांच्या टाक्याही प्लॅस्टिकच्याच असतात.”

मी मुलांबरोबर कार्ट बांधतो. हा सल्ला वाचून एक मुलगा असाच कॅन घेऊन माझ्याकडे आला. त्याने चोवीस तासांची परीक्षा मन लावून केली होती, वेळ लिहून ठेवली होती. मेहनत खरी होती, पण परीक्षाच चुकीची होती. म्हणून या सल्ल्यातलं एकेक वाक्य घेतो.

“चोवीस तास ठेवा, विरघळला नाही तर चालतो.” पेट्रोलमध्ये चटकन विरघळतं ते पॉलिस्टायरिन, म्हणजे थर्माकोल किंवा पातळ ठिसूळ पेले. तेवढं या परीक्षेत पकडलं जातं. पण घरातले बहुतेक कॅन एचडीपीई नावाच्या प्लॅस्टिकचे असतात. तळाला त्रिकोणात २ हा आकडा दिसतो. हे प्लॅस्टिक पेट्रोलने विरघळत नाही, ते पेट्रोल हळूहळू पिऊन घेतं. भिंत थोडी फुगते, मऊ पडते, आणि पेट्रोलचे रेणू तिच्यातून आरपार जाऊन बाहेरच्या हवेत मिसळतात. ही गोष्ट काही आठवड्यांत दिसते, एका रात्रीत नाही. ४ आकड्याचं एलडीपीई याहून लवकर हार मानतं. पाण्याच्या बाटलीचं पेट, म्हणजे आकडा १, पेट्रोलला रासायनिकदृष्ट्या बऱ्यापैकी टिकतं आणि म्हणूनच ते फसवं आहे. बाटलीची भिंत कागदासारखी पातळ असते आणि साधारण ७० अंश सेल्सिअसच्या आसपास ती ढिली पडू लागते. चालत्या इंजिनाशेजारी तेवढं तापायला फार वेळ लागत नाही.

शिवाय परीक्षेत कॅन कसा असतो? सावलीत, थंड, स्थिर, उभा. कार्टवर तो उन्हात, इंजिनाशेजारी, मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या थरथरीत आणि वळणावर आडवा हिंदकळत असतो. परीक्षेत पेट्रोल झाकणापर्यंत पोचतही नाही. कार्टवर मात्र ते झाकणावर उडत राहतं, आणि त्या मुलाच्या कॅनमध्ये नेमकं तेच झालं. झाकणाच्या आतली फोमची चकती पेट्रोलच्या शिंतोड्यांनी फुगली आणि टाचणीचं छिद्र आतून बंद झालं. इंजिन दोन मिनिटं चालायचं आणि गुदमरून थांबायचं. आम्ही अर्धा दिवस कार्बोरेटर, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, उघडत बसलो होतो. इथेनॉल मिसळलेलं इंधन असेल तर प्रश्न आणखी वाढतो. ते हवेतलं पाणी ओढतं, आणि जे वायसर किंवा नळी साध्या पेट्रोलला टिकली ती या मिश्रणाला टिकेलच असं नाही.

“गाड्यांच्या टाक्याही प्लॅस्टिकच्याच असतात.” हे वाक्य अर्धं खरं आहे. गाडीच्या टाकीतही मुख्य प्लॅस्टिक एचडीपीईच असतं, पण बऱ्याच टाक्यांची भिंत सहा थरांची असते. मधला एक पातळ थर ईव्हीओएच नावाच्या प्लॅस्टिकचा असतो आणि पेट्रोल अडवण्याचं काम तोच करतो. काही टाक्यांच्या आतल्या बाजूवर फ्लोरिनची प्रक्रिया केलेली असते. डिटर्जंटच्या कॅनला यातलं काही लागत नाही, कारण डिटर्जंट झिरपत नाही आणि पेटतही नाही.

त्या टाक्या कशातून पार पडतात तेही पाहण्यासारखं आहे. वाहनांतल्या आगीच्या धोक्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीत ३४ क्रमांकाचा नियम आहे. प्लॅस्टिकची टाकी उणे ४० अंशांपर्यंत थंड करून तिच्यावर लोलकाचा घण मारतात, आणि ती गळता कामा नये. ५३ अंशांना पाच तास आतून दाब देतात. भिंतीतून झिरपून जाणारं इंधन सरासरी दिवसाला २० ग्रॅमच्या आत राहावं लागतं. शेवटी अर्धी भरलेली टाकी जळत्या इंधनाच्या ज्वाळांवर एकूण दोन मिनिटं धरतात. तेवढ्यात आतलं इंधन बाहेर पडता कामा नये. ही दोन मिनिटं माणसाला गाडीतून बाहेर पडण्यासाठी असतात. नुसत्या प्लॅस्टिकमुळे ती मिळत नाहीत. भिंतीची जाडी, आकार आणि टाकी कशी बसवली आहे हे सगळं त्यात मोजलं जातं.

“भोक पाडा, सांधा बुजवा.” मला सगळ्यात जास्त भीती या वाक्याची वाटते. कॅन स्वतः फुटण्याआधी सांधा सुटतो. एचडीपीईवर कुठलाही घरगुती गोंद नीट धरत नाही. इपॉक्सी वाळून दगडासारखं होतं, पण थरथरीने पापुद्र्यासारखं सुटून येतं. साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगून जेलीसारखं होतं. पारदर्शक पीव्हीसी नळीतलं मऊपणा देणारं द्रव्य पेट्रोल धुऊन काढतं, मग नळी कडक होते, आखडते आणि तोटीवरून निसटते. हे सगळं तळाशी, म्हणजे वर असलेल्या सगळ्या पेट्रोलचा भार जिथे येतो तिथे. इतक्या गोष्टींपैकी एक जरी सुटली तरी कॅन पूर्ण रिकामा होतो, आणि खाली बहुधा सायलेन्सर असतो.

पेट्रोल साधारण २५० ते २८० अंशांना ठिणगीशिवायही पेटतं. सायलेन्सर याहून जास्त तापू शकतो. ठिणगी असेल तर तापमानाचा प्रश्नच उरत नाही, कारण उणे ४० अंशांच्या आसपासही पेट्रोल पेटण्याइतकी वाफ सोडतं. हवेत सुमारे दीड टक्का वाफ झाली की मिश्रण पेट घेतं. एक पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर पेट्रोलची पूर्ण वाफ झाली तर सुमारे अडीच घनमीटर हवा पेटण्याजोगी होऊ शकते. ही वाफ हवेच्या तीन-चार पट जड असते, म्हणून ती वर जात नाही, जमिनीलगत पसरते. कार्टचा चालक नेमका जमिनीलगत बसलेला असतो, पाय पुढे पसरून. त्याला उठून बाहेर पडायला वेळ लागतो.

शर्यतीच्या कार्टमध्ये टाकी चालकाच्या पायांमध्ये, स्टिअरिंगच्या दांड्याखाली, चौकटीच्या नळ्यांच्या आत बसवलेली असते. इंजिन बाजूला, टाकी दूर. पेट्रोल वरच्या बाजूने आत सोडलेल्या नळीतून पंपाने ओढलं जातं. तळाला भोकच नसतं. इतकी साधी गोष्ट त्या सल्ल्यात नाही.

“झाकणाला टाचणीने छिद्र पाडा.” हवा आत यायला वाट हवीच, नाहीतर आत निर्वात होऊन पेट्रोल उतरत नाही. पण उघड्या छिद्रातून हवा आत येते तसं हिंदकळणारं पेट्रोल बाहेरही येतं, आणि कार्ट उलटली तर धार लागते. त्यात पेट्रोल दर दहा अंशांना जवळपास एक टक्क्याने फुगतं, म्हणजे काठोकाठ भरलेला कॅन उन्हात आपोआप सांडू लागतो. टाकीच्या खऱ्या झाकणात हवेची वाट वाकडी असते किंवा तिथे छोटी झडप असते.

“प्लॅस्टिक नको तर पत्र्याचा डबा घ्या,” असंही त्यात पुढे कुणीतरी जोडलं आहे. तेलाच्या डब्याची दुमडलेली शिवण थरथरीसाठी केलेली नसते, आतला लेप खरवडला की गंज धरतो, आणि तो गंज कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जिथून जातं त्या बारीक छिद्रात, जाऊन बसतो. काचेच्या बरणीबद्दल लिहायचीही गरज नाही.

भरताना काय होतं हेही कुणी सांगत नाही. प्लॅस्टिकच्या कॅनवर स्थिर वीज साठते आणि रबरी टायरवरच्या कार्टमधून ती जमिनीत सहज उतरत नाही. पेट्रोलची वाफ पेटायला पाव मिलिज्यूलच्या (मिलिज्यूल हे ऊर्जेचं अगदी लहान माप) आसपासची ठिणगी पुरते. माणसाच्या बोटाला झटका जाणवायला साधारण एक मिलिज्यूल लागतं. म्हणजे जी ठिणगी तुम्हाला कळणारही नाही, ती पुरेशी आहे. हाताने उचलण्याजोगा पेट्रोलचा कॅन नेहमी जमिनीवर ठेवूनच भरावा, आणि कार्टची टाकी इंजिन थंड झाल्यावर.

आणखी एक गोष्ट, आणि ती मी कुणाशीही वाद न घालता सांगतो. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत पेट्रोल ठेवू नका, टाकी म्हणून नाही आणि साठवणीसाठीही नाही. घरातलं लहान मूल बाटली ओळखतं, आतलं द्रव्य नाही. एक घोट फुप्फुसात गेला तरी जिवावर बेतू शकतं. असं झालंच तर मुलाला ओकारी काढायला लावू नये, कारण ओकताना पेट्रोल पुन्हा श्वासनलिकेत जातं. थेट डॉक्टर गाठावा.

पैशाचा मुद्दा मला समजतो, कारण ही मुलं खाऊचे पैसे साठवून कार्ट बांधतात. पण मोठी टाकी लागतेच कुठे? साडेसहा अश्वशक्तीचं चार-स्ट्रोक इंजिन पूर्ण जोरात तासाला दीड-पावणेदोन लिटर पेट्रोल घेतं. एक लिटरची टाकी अर्ध्या तासाहून जास्त पुरते. अशा इंजिनांवर मुळातच टाकी बसवलेली येते, ती काढू नका. नसेल, तर जुन्या मोपेडची, जनरेटरची किंवा गवत कापायच्या यंत्राची टाकी भंगारात मिळते. तिला पेट्रोल बंद-चालू करायचा कॉक असतो, गाळणी असते, झाकण असतं. आतून गंजलेली नाही ना, एवढं पाहून घ्या, पेट्रोलसाठीची रबरी नळी नवी घाला आणि दोन्ही टोकांना क्लिप लावा.

ज्यांनी कॅन आधीच बसवला आहे त्यांनी इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावं, मोकळ्या जागेत कार्ट न्यावी, इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या स्पार्क प्लगची वायर काढावी आणि पेट्रोल इंधनासाठीच बनवलेल्या कॅनमध्ये उतरवावं. मग रिकामा झालेला कॅन कापू नये, तापवू नये, त्यावर ड्रिल किंवा सोल्डर चालवू नये. भरलेल्या कॅनपेक्षा नुकत्याच रिकाम्या झालेल्या कॅनमध्ये वाफ आणि हवेचं पेटणारं मिश्रण तयार असण्याची शक्यता जास्त असते. झाकण काढून तो बाहेर सावलीत, मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवावा, आणि घरात परत आणू नये.