स्लो घेतच नाही!
सिग्नलला थांबलं की गाडी बंद. चोक दिला, म्हणजे हवा कमी करून पेट्रोल वाढवलं, की चालते; काढला की मरते. लक्षण इतकं सरळ आहे: कार्बोरेटरमधला, म्हणजे पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भागातला, पायलट जेट (गाडी उभी असताना पेट्रोल सोडणारं बारीक भोक) चोंदलाय, नाहीतर कार्बोरेटर आणि इंजिनामधला रबर तडकून फुकटची हवा ओढतोय. पण मेकॅनिकचा इलाज एकच, आयडलचा, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन किती जोरात फिरेल ते ठरवणारा, स्क्रू पिळायचा. "घ्या साहेब, झालं!" काय झालं, डोंबल? आता उभ्या उभ्या भणभणतेय, हवालदारसुद्धा वळून बघतो. जेट खोल म्हटलं, तर हा तारेनं टोकरणार. भोक मोठं झालं की बसा पेट्रोल पाजत! त्यात पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल. ते ओलावा ओढतं, जुने रबर खातं. आणि वर फुकटचा सल्ला, "विकून टाका आता." का म्हणून? कार्बोरेटर नीट साफ करा ना!