काच बसवताना गर्दी करू नये

गाडीच्या समोरच्या काचेला दगडापेक्षा माणसांची भीती जास्त. आमच्या मारुती ओमनी व्हॅनवर रस्त्याच्या कामावरच्या एका टिप्परने गिट्टी उडवली, तेव्हा काचेने मुकाट्याने तड्याची एक चांदणी अंगावर घेतली. दोन काचांच्या मधे प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे ही काच फुटली तरी सांडत नाही. पण मे महिना, यवतमाळचं ऊन. एका शेजाऱ्यांना काचेची दया आली आणि त्यांनी तापल्या काचेवर गार पाण्याची बादली ओतली. चांदणीला शेपूट फुटलं ते थेट पलीकडच्या टोकाला पोचलं.

ओमनी कंपनीने २०१९ मध्येच बंद केली, पण आमच्या दारव्हा तालुक्यात हे कोणी मनावर घेतलेलं नाही. वरात, दवाखाना, शाळेतली पोट्टी, सगळं तिच्यावरच. म्हणून काच यवतमाळहून आणणं आलं.

दुकानदाराने बजावलं, काच आडवी टाकू नका, उभी न्या, खाली मऊ काही ठेवा आणि कोपरे जपा. मधोमध ती बरंच सोसते, कोपरा फरशीला आपटला की खेळ खलास. पिकअपमध्ये गाद्या उभ्या करून मधे काच दोरीने आवळली. वाटेत एक काकाजी हात दाखवून चढले आणि ऐसपैस टेकले.

"काकाजी, टेकू नका, गादीत काच हाय."

"मंग ते गादी कायची झाली बाप्पा?"

मिस्त्री आले तोवर अंगणात अर्धं गाव जमलं होतं. हातमोजे आणि चष्मा एकट्या मिस्त्रींनाच, बाकी सगळे बनियन-चपलेवर. त्यांनी आधी डॅशबोर्डवर जुनी चादर अंथरली, कारण काचेचा चुरा एकदा हवेच्या जाळीत गेला की पुढच्या पोळ्यापर्यंत टोचत राहतो. मग जुनं रबर ब्लेडने कापून काच बाहेर काढली. खाली पत्र्याच्या कडेला गंज. तो खरवडला, पॉलिश पेपर मारला, प्रायमर लावला. गंजाचा खवला राहिला तर नवी काच तिथूनच तडकते, असं ते म्हणाले. प्रायमर वाळेपर्यंत चहा झाला. काळी फिल्म लावायचा आग्रहही झाला. समोरच्या काचेतून निदान ७० टक्के उजेड आत आला पाहिजे, असा नियम आहे म्हटल्यावर, "आपल्याकडे उजेड कमी हाय काय?" असा प्रश्न आला. त्याला उत्तर नव्हतं.

नवं रबर उन्हात पडून लुसलुशीत झालं होतं. ही एक गोष्ट विदर्भात फुकट मिळते. मिस्त्रींनी ते काचेभोवती चढवलं, बाहेरच्या खाचेत नायलॉनची दोरी फिरवली, दोन्ही टोकं खाली मध्यावर एकमेकांवरून नेऊन लोंबती ठेवली आणि सगळीकडे साबणाचं पाणी चोपडलं. काच चौकटीला लावली, टोकं आत घेतली. ते आत बसून दोरी हळूहळू ओढायचे, बाहेरून मी आणि भाचा तळहाताने दाबायचो. दोरी जिथून सुटेल तिथे रबराची कड 'टप्' करून पत्र्यावर उडी मारायची. खालची बाजू झाली, कोपरा वळला. बघत राहावं असं काम.

वरच्या कोपऱ्यात मात्र रबर अडलं. लगेच अंगणातून एकच गजर, "ठोका!" आणि खरोखरच एकाने दुपट्टा गुंडाळलेला हातोडा पुढे केला.

मिस्त्रींनी आतूनच विचारलं, "हातोडा कोनाचा हाय?"

"माह्या."

"मंग तू पन जाय घरी त्याच्यासंगं."

थोडं साबणपाणी, थोडी उलटी ओढ, आणि कोपरा बसला. शेवटी पाण्याची परीक्षा. नळी सोडली. काचेच्या कडेने आत थेंब नाही. सीटखाली मात्र तळं साचलं, दारातून, टपातून, कुठून कुठून.

मी मिस्त्रींकडे पाहिलं. ते हातमोजे काढत म्हणाले, "भाऊ, मी काच बसवली. गाडी कोनं बसवली, मले मालूम नाई."