बेसिनशेजारचा एकच नॅपकिन

आज एका नातेवाइकांकडे गेले होते. घरात दोघं तापाने फणफणलेली, तिसरा खोकतोय, आणि बेसिनशेजारच्या खिळ्याला सगळ्यांचा मिळून एकच नॅपकिन. ओलाकिच्च. त्यालाच हात पुसून लगेच तान्ह्या बाळाला उचललं. म्हटलं, निदान आजारी माणसांचा टॉवेल तरी वेगळा ठेवा. तर म्हणे, "आमच्यात असलं सोवळं-ओवळं नाही बाई. घरचेच तर आहेत सगळे."

डोकंच फिरलं माझं. विटाळ पाळणं आणि फ्लूच्या पेशंटचा टॉवेल वेगळा ठेवणं यातला फरक तुम्हा मंडळींना मी सांगायला नको. आणि घरचे आहेत म्हणूनच तर! ताप चढायच्या आदल्या दिवसापासून पुढचे पाच-सात दिवस माणूस फ्लू पसरवत असतो. लहान मुलं तर त्याहून जास्त दिवस. तो आधी कुणाला लागणार? शेजारी बसणाऱ्यालाच ना!

मागच्या गणपतीत आमच्याकडे हेच झालं. वहिनी अंगात ताप घेऊन ओट्याशी उकड मळत उभी. "सणाचं घरची सून झोपून कशी राहील?" म्हणणाऱ्या सगळ्या बायकाच. बाबा तिथेच खुर्ची टाकून तिच्याशी गप्पा मारत बसलेले. दोन-तीन दिवसांत बाबांना ताप, मग धाप, मग हॉस्पिटल. दमा आणि डायबिटीस आधीपासूनचे. ऑक्सिजन मास्कच्या इलॅस्टिकचे गालावर वळ उठले होते. बोलवेना, म्हणून बोटानेच खूण करून चष्मा पुसून मागितला.

हे सगळं पुण्यात. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी गेला तो इथेच, एक शाळकरी मुलगी. शाळा बंद, थिएटरं बंद, नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा, जो तो तोंडाला रुमाल बांधून. विसरलो?

वन रूम किचनमध्ये वेगळी खोली कुठून आणणार, हे कबूल. तापलेल्या लेकराला आई लांब ठेवूच शकत नाही, तेही कबूल. पण खिडकी उघडता येते. मास्क लावता येतो. साबणाने नखांपर्यंत वीस सेकंद हात चोळता येतात. साधा साबणसुद्धा या विषाणूचं वरचं आवरण फोडतो. रिमोट, मोबाइल, कड्या पुसायला कितीसा वेळ लागतो? स्टील-प्लास्टिकवर हा विषाणू दिवस-दोन दिवससुद्धा तग धरतो. नाक पुसलेला रुमाल उशीखाली कोंबायचा नाही, एवढं तरी करा.

वहिनी अजून म्हणते, "माझ्यामुळे झालं." नाही गं. मोदकातून नाही पसरत फ्लू, खोकल्या-शिंकांतून आणि हातांतून पसरतो. तुला पडू दिलं असतं, तुझ्या खोलीत पेज आणून दिली असती, तर तूही लवकर बरी झाली असतीस. तापातल्या बाईला पोळ्या लाटायला लावतात आणि मग घरभर आजारपण आलं की नशिबाला बोल लावतात. याची मला चीड येते. अगदी मनापासून.

बाबांना आता दर वर्षी फ्लूची लस देतो. आणि यंदाच्या गणपतीसाठी मी आत्ताच सगळ्यांना कळवून टाकलंय: ज्याला ताप-खोकला असेल त्याने व्हिडिओ कॉलवर आरतीला यायचं. घरातल्या कुणाला ताप आला तर त्या माणसाने ओट्याकडे फिरकायचं नाही. पोळ्या आणि मोदक विकत येतील. ज्यांना राग यायचाय त्यांना येऊ दे.