माळेने कावीळ उतरते का? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमचं म्हणणं असं की काविळीत माळेवर विसंबू नका, हा माझा लेख आईबापांना उगाच घाबरवतो. तुमच्या मुलाला कावीळ उतरवायची काड्यांची माळ घातली, पंधरा दिवसांत कावीळ उतरली, दवाखान्याचा खर्चही वाचला. तो बरा झाला याचा मनापासून आनंद आहे. तरी लेखातलं एकही वाक्य मी मागे घेणार नाही.

आपल्याकडे मुलांना होणारी कावीळ बहुतेक वेळा हिपॅटायटिस ए या दूषित पाण्यातून पसरणाऱ्या विषाणूची असते आणि ती आपली आपण बरी होते. माळ घातली तरी, नाही घातली तरी. माळ लांबत गेली की कावीळ उतरतेय असं मानतात, पण ती लांबते ती काड्या सुकून गाठी सैल होतात म्हणून. माळेशी माझं भांडण नाही. ‘आता माळ घातलीय, उतरेल’ म्हणत घरी काढलेल्या दिवसांशी आहे. कारण थोड्या मुलांचं लिव्हर याच दिवसांत निकामी होतं, आणि ती मुलं कोणती हे डोळ्यांच्या पिवळेपणावरून ओळखता येत नाही.

लिव्हर निकामी होऊ लागलं की मूल दिवसा झोपून राहतं, रात्री टक्क जागं. चिडतं, भलतंच बोलतं. उलट्या थांबत नाहीत, सुई टोचलेल्या जागेतून रक्त झिरपत राहतं. घरचे म्हणतात, ‘अशक्तपणा आलाय, झोपू दे.’ तिथेच वेळ जातो. रिपोर्टही फसवतो. एसजीपीटी (लिव्हरच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) 3000 वरून 300 वर आला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. पण त्याच वेळी बिलिरुबिन (काविळीचा पिवळा रंग) आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) चढत असतील, तर लिव्हरच्या पेशीच संपत आल्यात असा त्याचा अर्थ. व्हिटॅमिन के देऊनही आयएनआर 2 च्या वर राहिला, किंवा गुंगी असताना 1.5 च्या वर, तर ते लिव्हर फेल्युअर.

शिवाय प्रत्येक कावीळ ए ची नसते. उंदीर मारायची पेस्ट पोटात गेलेलं मूल मधले एक-दोन दिवस अगदी ठणठणीत वाटतं, मग कावीळ दिसते. विल्सनच्या आजारात लिव्हरमध्ये तांबं साठत जातं. तिथे माळेवर विसंबणं जिवावर बेततं.

वेळेत आलेली बरीच मुलं पूर्ण बरी होतात, आणि ए ची कावीळ एकदा गेली की लिव्हरला कायमचं दुखणं मागे ठेवत नाही. पण लिव्हरच्या प्रत्यारोपणाची वेळ आली तर सोलापूरहून पुणं अडीचशे किलोमीटर. लिव्हर निकामी होऊन मेंदूला सूज आलेल्या मुलाला तेवढं न्यायचं म्हणजे मोठी जोखीम. म्हणून शुद्धीवर असतानाच हलवावं लागतं.

खर्चाचं तुमचं दुखणं खरं आहे. म्हणूनच सांगतो, सरसकट भरती करू नका, पण कावीळ दिसली की सिव्हिलमध्ये दाखवा आणि आयएनआर करायचा का, हे विचारा.

आणि तुमच्या धाकटीबद्दल. आपल्याकडे नळ काही दिवसांआड येतो. मधल्या काळात रिकाम्या पाइपात गळतीतून गटाराचं पाणी शिरू शकतं. पिण्याचं पाणी उकळूनच द्या. लागण झाल्यापासून कावीळ दिसायला 15 ते 50 दिवस लागतात, आणि लहान मुलांत ती बऱ्याचदा दिसतही नाही, तेव्हा तिच्यावर लक्ष असू द्या. ए ची लस सरकारी वेळापत्रकात नाही, विकत घ्यावी लागते. वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला देता येते. या आठवड्यातच तिच्या डॉक्टरांना विचारून घ्या.