समोर कोण?

संध्याकाळच्या लोकलमध्ये बाजाची पेटी घेऊन चढलेल्या माणसाची ओळख लपत नाही. भांडुपला मी मालडब्यात शिरलो, मासळीच्या रिकाम्या पाट्यांमध्ये जागा करून पेटी टेकवली, आणि घाम पुसतोय तोवर एक काका म्हणाले, "बुवानू, आज बारी खंय?"

"लोअर परळ."

"समोर कोण?"

ज्यांना डबलबारी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या सिंधुदुर्गात आणि तिथल्या चाकरमान्यांच्या मुंबईत दोन भजनी बुवा आपापली मंडळं घेऊन आमनेसामने बसतात. एकाने गायचं, दुसऱ्याने त्याला गाण्यातूनच उत्तर द्यायचं. मधूनमधून एकमेकांच्या अब्रूचा गजर. त्यामुळे समोर कोण, हा प्रश्न लग्नात मुलगी कोणाची विचारावं इतका साधा. मला मात्र उत्तर देता येईना. कारण मी पबमध्ये चाललो होतो.

दोष भाचीचा. ती गिटारवर स्वतःची मराठी गाणी म्हणते. "मामा, ओपन माइक आहे. कोणीही जाऊन वाजवू शकतं," असं तिने सांगितलं. आमच्या घरात 'कोणीही' म्हणजे मी, हे सर्वांना ठाऊक आहे.

करी रोडला उतरून बारा किलोची पेटी या हातातून त्या हातात करत जुन्या गिरणीच्या आवारातल्या त्या पबपाशी पोहोचलो. दारात काळ्या टीशर्टमधला, कपाटाएवढा पोरगा उभा. बोलण्यावरून साताऱ्याचा.

"मामा, आत काय?"

"पेटी."

"किती?"

"एकच."

रांगेतले चारपाच जण वळून बघायला लागले. मुंबईत पेटी म्हणजे लाख रुपये, हे मला पेटी उघडून दाखवल्यावर आठवलं. तोही जरा हिरमुसला. खोक्यांच्या दिवसांत पेटीला कोण विचारतो म्हणा.

मग त्याने माझ्या मनगटावर शिक्का मारला. आपल्या राज्यात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वय लागतं, त्याची ती खूण. मी ५४ वर्षांचा. बत्तीस वर्षं बँकेत लोकांच्या कागदांवर शिक्के मारतोय. माझ्यावर मारणारा पहिलाच भेटला.

हे आवार मला परकं नाही. वडील इथेच साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते, १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू होईपर्यंत. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यातले बरेच परत आत गेलेच नाहीत. साच्यांच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे, म्हणून तिथे हातवाऱ्यांची वेगळी भाषा होती. वडील घरीसुद्धा मीठ मागताना हात हलवत आणि एरवी बोलले तर दोन खोल्या पलीकडे ऐकू जाई. आत गेलो तर तेच. जो तो समोरच्याच्या कानात ओरडतोय, वेटर बोटांवर ऑर्डर घेतोय. गिरणी गेली, साचेखातं चालू आहे.

भाचीने यादीत नाव घातलं होतं. नंबर अकरावा. प्रत्येकाला दोन गाणी. बसायला खुर्ची नव्हती, म्हणून स्टेजजवळचा एक लाकडी खोका बघून मी त्याच्यावर टेकलो. चांगला भक्कम होता. दहा मिनिटांनी एक दाढीवाला मुलगा अत्यंत नम्रपणे येऊन म्हणाला, "अंकल, तुम्ही माझ्या वाद्यावर बसलायत." मी उडालोच. मी आयुष्यात पखवाजाला पाय लागला तरी नमस्कार करणारा माणूस. त्या खोक्याला मनोभावे हात जोडले. तर हा पठ्ठ्या स्वतःच त्यावर बसला आणि दोन पायांच्या मधे हात घालून वाजवायला लागला! काहोन म्हणतात त्याला, पेरू देशातलं वाद्य. वाजतं झकास. पण ज्यावर बसायचं ते वाजवायचं, हे आमच्या बुवांना पटवता येणार नाही.

पहिल्या पाच जणांत तिघांची प्रेयसी सोडून गेलेली होती. चौथ्याची जाईल असं त्याचं गिटार जुळवणं बघून वाटलं. भिंतीवरच्या टीव्हीवर मुका केलेला क्रिकेटचा सामना चालू होता. एका मुलीने डोळे मिटून अगदी हळवी तान घेतली आणि त्याच क्षणी विकेट पडली. पब दणाणला. तिने डोळे उघडून "थँक यू, थँक यू" म्हटलं. तिला खरं कोणीच सांगितलं नाही. मीही नाही. एवढं पुण्य मी पबमध्ये मिळवलं. फक्त आठव्या नंबरचा रॅपवाला पोरगा खरा तयारीचा होता. श्वास न घेता तो दोन मिनिटं नळाच्या पाण्यावर बोलला. याला डबलबारीत बसवला तर समोरच्या बुवाने पेटी बंद करावी.

तोवर मी गोड-खारा लिंबू सोडा आणि मसाला शेंगदाणे मागवले होते. बिल बघून शेंगदाणे मोजून खाल्ले.

मग आमची पाळी. आवाज सांभाळणारा मुलगा वायर घेऊन पेटीभोवती फिरला. पुढून बघितलं, मागून बघितलं, भात्याखाली वाकून बघितलं. "अंकल, जॅक कुठे लावायचा?" जॅक नाही म्हटल्यावर त्याने एक स्टॉपर ओढून बघितला. पेटीला अपमान नवा नाही. १९४० साली आकाशवाणीने तिला हद्दपार केली, कारण तिला मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही आणि तिचे सूर घट्ट बांधलेले. तीसेक वर्षांनी दार किलकिलं झालं. इथे निदान माइक तरी मिळाला. तो भात्याजवळ आणला मात्र, अशी कर्णकर्कश शीळ उठली की वेटरच्या हातातला ट्रे कलंडला. माइकने स्पीकरचा आवाज पकडायचा, स्पीकरने तो मोठा करून परत माइकला ऐकवायचा, असा तो प्रकार. आमच्या सोसायटीची सभा अशीच चालते.

आमचं ठरलं होतं जी शार्प, म्हणजे काळी चार. भाची गिटारच्या पहिल्या पडद्यावर कापो नावाचा चिमटा लावते, की सगळं अर्ध्या सुराने चढून माझ्या पट्टीत येतं. मी काळी चारला षड्ज धरला. तिने गिटार छेडली. चिमटा तिच्या पर्समध्ये. म्हणजे ती अर्धा सूर खाली, पांढरी पाचमध्ये.

पांढरी पाच आणि काळी चार पेटीत शेजारीशेजारी राहतात, चाळीतल्या दोन खोल्यांसारख्या. पण एकत्र नांदत नाहीत. अंगावर काटा आला. तरी डबलबारीचा माणूस डगमगत नाही. मुखडा संपायच्या आत मी पट्टी बदलून पांढरी पाचवर उतरलो. आणि तेवढ्यात पोरीला चिमटा आठवला. तिने खसकन काढून लावला आणि अंतरा काळी चारमध्ये उचलला! फुटपाथवर समोरासमोर आलेली दोन सभ्य माणसं एकमेकांना वाट देताना एकाच बाजूला सरकतात, तसं आमचं दीड मिनिट चाललं. शेवटच्या ओळीला आम्ही एका सुरात भेटलो, पण तोवर गाणं संपलं होतं.

टाळ्या! विकेट पडली असेल म्हणून मी टीव्ही बघितला. जाहिरात चालू होती.

खाली उतरलो तर अंबाडा बांधलेला एक गृहस्थ माझा हात धरून म्हणाला, "सर, कमाल! दोन सुरांच्या मधले सूर, क्वार्टर टोन का?"

"नाही, मी घेत नाही," मी म्हटलं.

परतीच्या लोकलमध्ये मालडबा रिकामा होता. कोणी बारी कशी झाली विचारलं नाही, त्याचं जरा वाईटच वाटलं. घरी आल्यावर बायकोने मनगट धरून उजेडात नेलं, शिक्का दोनदा वाचला आणि काही न बोलता घासणी हातात दिली.

हे सगळं गुरुवारचं. शनिवारी भाचीचा फोन. पबवाल्यांनी पुढच्या महिन्यात बोलावलंय, यादीत नाही, खास. "मामा, फक्त ते तसंच करायचंय. मी पांढरी पाच, तू काळी चार, आणि मग उलट. त्यांना तेच हवंय."

तेव्हापासून रोज रात्री जेवणानंतर बसतो. ती फोनवरून गिटार वाजवते, मी शेजारची पट्टी धरतो. तीस वर्षं सुरात राहायची सवय. दुसऱ्या ओळीला बोटं आपोआप तिच्या पट्टीवर जाऊन बसतात. "मामा, परत बरोबर आलं," ती वैतागून ओरडते, आणि आम्ही पहिल्यापासून सुरू करतो.