खासदारांना महागाई निर्देशांक, आप्पांना १,८७१ रुपये

आप्पा २०१३ साली साखर कारखान्यातून रिटायर झाले. ईपीएस-९५ची, म्हणजे पीएफसोबतच्या कर्मचारी पेन्शन योजनेची, पेन्शन बसली महिना १,८७१ रुपये. आजही १,८७१च. इतक्या वर्षांत एक रुपया वाढला नाही! एक सिलिंडर आणि आप्पांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, एवढ्यात ती संपते. उरलेला महिना आमच्या जिवावर. आणि आमच्याकडे मागताना त्यांचा चेहरा जो पडतो ना, तो बघवत नाही.

वर सांगतात, महागाई आटोक्यात आहे. ऑक्टोबर २०२५चा आकडा ०.२५ टक्के. असेल, मोजणीत खोट नसेल. पण तो आदल्या ऑक्टोबरच्या तुलनेत. २०१३पासून चढलेले भाव कुठे उतरले? आप्पा दुकानात ते सगळे साठलेले भाव मोजतात, पेन्शन मात्र २०१३चीच.

डोकं फिरतं ते याने, की महागाई असते हे वर बसलेल्यांना पक्कं ठाऊक आहे. सरकारी नोकरांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा बघतात. मिळू दे त्यांना, हक्काचा आहे. नियंत्रणाखालच्या औषधांचे भाव घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे वाढवायला कायद्यानेच परवानगी: २०२२ला पावणेअकरा टक्के, २०२३ला बाराच्या वर. म्हणजे आप्पांच्या गोळीला महागाई लागू, गोळी खाणाऱ्याला नाही! खासदारांचा पगार मार्च २०२५मध्ये लाखाचा १ लाख २४ हजार झाला, तोही एप्रिल २०२३पासून, मागच्या तारखेने. माजी खासदारांची पेन्शन २५ हजारांची ३१ हजार. आधार कशाचा? महागाई निर्देशांकाचा. मग तोच निर्देशांक ईपीएसला लावताना हात का आखडतो? किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ला हजार रुपये केली, अकरा वर्षं उलटली तरी हजारच. हजारात म्हातारा-म्हातारीने महिना कसा काढायचा, कुणीतरी समोर बसून हिशेब मांडून दाखवा.

आप्पांचा या सगळ्यावर केवढा विश्वास होता. ‘पीएफला हात लावायचा नाही, म्हातारपणाची काठी आहे ती,’ हे ऐकतच आम्ही मोठे झालो. मागच्या वर्षी धाकट्याची नोकरी सुटली, त्याने पीएफ आणि पेन्शनचे होते नव्हते ते सगळे पैसे काढून घेतले. मला वाटलं, आता आप्पा घर डोक्यावर घेणार. त्यांनी पासबुक मिटलं, चष्मा काढला आणि एवढंच म्हणाले, ‘बरं केलंस.’