'तळ्यात मासेच नाहीत' म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

नमस्कार भाऊ. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलं की 'गुरुवारी मासे सोडले' ही आमची जाहिरात वाचून रविवारी चौघे आमच्या तळ्यावर गळ टाकायला आलात, काठीमागे ३०० रुपये भरले, तीन तासांत काहीच लागलं नाही, तळ्यात मासेच नाहीत, निव्वळ फसवणूक आहे. तुमची सुट्टी वाया गेली, त्याबद्दल माफी मागतो. सावली कमी पडली आणि माठातलं पाणी संपलं होतं, हेही कबूल.

पण 'मासेच नाहीत' एवढं एक वाक्य काही केल्या गिळवत नाही.

गुरुवारी पहाटे भंडाऱ्याकडून गाडी आली. दोन क्विंटल रोहू-कतला, ऑक्सिजन लावलेल्या टाक्यांत. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून मी स्वतः सोडले. बिल काउंटरवर आहे, कोणीही बघावं. आता, गाडीत भरण्याआधी माशाचं पोट रिकामं ठेवावं लागतं, नाहीतर टाकीतलं पाणी नासतं. त्यात प्रवासाचे हादरे. नव्या पाण्यात पडल्यावर तो दोन-तीन दिवस बावरलेलाच असतो, चाऱ्याकडे बघत नाही. हे जाहिरातीत लिहायला पाहिजे होतं. नाही लिहिलं, ती चूक माझी.

पण वेळेचं काय? रजिस्टरमध्ये तुमची एंट्री पावणेबाराची आहे. मे महिना, नागपूर. पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो, मासा खोलात जाऊन बसतो. बारा वाजता आपण तरी सीताबर्डीच्या बाजारात फिरतो का? बुकिंगच्या फोनवर मी सांगितलं होतं, सकाळी सहाला या. तुम्ही म्हणाले, रविवारी एवढ्या लवकर कोण उठतं. तेव्हा मीही हसलो होतो.

मनालीत ट्राउट पाच मिनिटांत लागला, असंही तुम्ही लिहिलंय. लागला असेल. फार्मवरचा ट्राउट गोळी-खाद्यावर वाढलेला असतो, पाण्यात काही हललं की झेपावतो. त्याला वीस डिग्रीच्या आतलं थंड, वाहतं पाणी लागतं. आमच्या तळ्यात मे महिन्यात सोडला तर संध्याकाळपर्यंत पोट वर करून तरंगेल. आणि रोहूची गोष्टच वेगळी. तोंड लहान, खाली वळलेलं, कणकेची गोळी तो नुसती चाखतो. पाण्यावर तरंगणारी मोरपिसाची काडी जराशी थरथरते, बस. ती बुडेपर्यंत थांबावं लागतं. तुम्ही प्रत्येक थरथरीला झटका देत होते आणि गरीही, म्हणजे गळाचा आकडा, फार मोठी होती. आमचा पोरगा बारकी गरी घेऊन आला, तर 'आम्हाला शिकवू नको' म्हणून परत पाठवला. गाडीची डिक्की उघडून स्पीकर लावला होता, त्याबद्दल दोनदा विनंती केली. चिवड्याचं अख्खं पाकीट पाण्यात गेलं ते वेगळंच. हे चारचौघांत लिहायचं नव्हतं, पण फसवणूक हा शब्द तुम्ही चारचौघांतच लिहिला.

तुम्ही अडीचला निघालात. त्याच संध्याकाळी साडेसहाला, तुमच्याच जागेवर, एका रिटायर्ड काकांना सव्वातीन किलोचा कतला लागला. वजनकाट्यावरचा फोटो टाकलाय. सात वर्षं झाली हे तळं चालवतोय, शेत गहाण ठेवून सुरू केलं होतं. उन्हाळ्याच्या दोन महिन्यांवर आमचं वर्ष निघतं आणि तुमच्या रिव्ह्यूनंतर या शनिवारची तीन बुकिंग रद्द झाली.

सावलीसाठी हिरव्या जाळीचं बघतोच आहे, पाण्याचंही काहीतरी करू. मासे कधी सोडले आणि गळ टाकायला कधी यावं, याची पाटी गेटवर लावतो. पुन्हा आलात तर चारही काठ्यांचे पैसे अर्धेच घेईन. सहाला या, गरी मी बांधून देतो. स्पीकर तेवढा घरी ठेवा.